आडसालीतले सेन्सर : साडेतीन एकरांच्या नोंदी

१३ जुलै २०२४, शनिवार

माउलींची पालखी फलटणहून पुढे गेली, रस्ते मोकळे झाले, तेव्हा कुठे सामान गाडीत टाकून पुण्याहून गावी पोचलो. खोक्यात सहा कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर, ईएसपी-३२ या छोट्या संगणक-चिपची चार सर्किटं, कमी विजेत लांबवर संदेश धाडणारे लोराचे रेडिओ, तळहाताएवढी सौर पॅनेलं आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल. आप्पांनी खोक्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "ह्यात उसाचं काय आहे?"

नीरा उजव्या कालव्याखाली आमचं साडेतीन एकरांचं सलग काळं रान आहे. त्यात आडसाली ऊस करायचा, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावून साधारण दीड वर्षानं तोडायचा. विहिरीला कालव्याचा पाझर आहे, साडेसात एचपीची मोटार आहे. रानाचे दोन भाग करायचे ठरलं. दोन एकर 'अ', दीड एकर 'ब'. दोन्हीकडे रोपं एकच, ठिबक एकच, खतं एकच. 'ब'ला आप्पा नेहमीच्या अंदाजानं पाणी देणार. 'अ'ला मातीतला ओलावा बघून द्यायचं.

हे करायचं कारण आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे यंत्रांच्या नादात विसरेन. आमच्याकडे लाईट आली की मोटार चालू होते आणि लाईट गेली की बंद पडते. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आठवड्याच्या पाळीनं. मधे उसाला तहान लागली होती का, हे बघायची कुणाला सवड नसते आणि बघायचं साधनही नसतं.

२८ जुलै २०२४, रविवार

लागण झाली. को ८६०३२ ही उसाची जात, एक डोळा रोपं, नर्सरीत कोकोपीटच्या ट्रेमध्ये तीस दिवस वाढलेली. पाच फुटांची सरी, दोन रोपांत दीड फूट, म्हणजे एकरी ५,८०८ रोपं. साडेतीन एकरांना वीस हजारांच्या वर रोपं लागली आणि मोजून आणलेली असूनही शेवटच्या दोन सऱ्यांना कमी पडली. ती चुलत्यांकडून आणली.

जातीवरून घरात थोडं झालं. चुलते २६५ म्हणत होते, वजन चांगलं येतं आणि खारवट रानातही तग धरतो म्हणून. पण तो पक्व व्हायला वेळ घेतो, हंगामाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, कमी देतो, म्हणून कारखाना नाक मुरडतो. ८६०३२ पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून १९९६ मध्ये प्रसारित झाला. ते केंद्र इथून जवळच. आप्पांचं म्हणणं, शेजारच्या घरातली सून, तिचे गुणदोष माहीत आहेत.

पाच फुटी सरीला आप्पा अजून तयार नाहीत. "मधून बैलगाडी काढायची आहे का?" बैलगाडी नाही, तोडणी यंत्र काढायचं आहे. पुढच्या वर्षी तोडणी मजुरांची टोळी मिळेल याची खात्री नाही.

ठिबकच्या नळ्या अंथरताना १३ कमी पडल्या. आप्पांनी मागच्या उसाच्या जपून ठेवलेल्या जुन्या नळ्या काढल्या आणि 'अ'मध्ये पूर्वेच्या बाजूला टाकल्या. चालतील.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

सेन्सर आकडा देतो, ओलावा देत नाही. शून्य ते ४,०९५ मधला एक आकडा. हवेत धरला तर २,९००च्या आसपास, पेल्यातल्या पाण्यात १,३००च्या. मधल्या आकड्यांचा अर्थ आपल्या मातीत लावावा लागतो.

त्यासाठी सेन्सरच्या शेजारची माती खणून डबीत भरली, वजन केलं आणि आईच्या केकच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास ठेवली. पावसानंतरच्या चिंब रानातली १०० ग्रॅम माती वाळून ७२ ग्रॅम भरली, म्हणजे कोरड्या वजनावर जवळपास ३९ टक्के पाणी. बांधाजवळच्या कोरड्या ढेकळात १७ टक्के. अशा अकरा डब्या केल्या, तेव्हा आकड्याचा आणि ओलाव्याचा एक वाकडातिकडा आलेख हाती आला. ओव्हन आता माझा झाला आहे, असं आईनं जाहीर केलं आहे.

सेन्सर तीन जागी बसवले. प्रत्येक जागी एक २० सेंटिमीटरवर आणि एक ४५ सेंटिमीटरवर. वरचा मुळांची रोजची सोय सांगेल, खालचा आपण पाणी वाया घालवतोय का ते सांगेल. सेन्सरच्या कडांना नखाला लावायच्या पॉलिशचे तीन हात दिले. कडेतून पाणी शिरलं की हे स्वस्त सेन्सर दोन महिन्यांत मरतात.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

जेठा कोंब, म्हणजे रोपाचे पहिले मुख्य कोंब, मोडून झाले. फुटवे चांगले आहेत. पावसामुळे मोजण्यासारखं काही नाही, सगळे आकडे ओले.

दोन नंबरचा डबा उघडला तर आत मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड, अंड्यांसकट. सर्किटच्या ऊबेला आल्या असाव्यात. डांबरगोळी टाकली आणि वायरच्या भोकाला सिलिकॉन भरलं.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

एक नंबरचा वरचा सेन्सर मंगळवारपासून रान पार कोरडं सांगतोय. आप्पांनी त्याच्यावर विश्वास ठेवून बुधवारी तीन तास पाणी सोडलं, गुरुवारी पुन्हा. आकडा हलला नाही. शेवटी आप्पा फोनवर म्हणाले, "तुझं यंत्र दारू पितंय का? कितीही द्या, कोरडंच म्हणतंय."

आज खणून बघितलं. काळी माती वाळताना भेगाळते आणि भेग नेमकी सेन्सरच्या पात्याला लागून गेली होती. पात्याची एक बाजू हवेत. तो बिचारा हवेचा ओलावा मोजत होता. खालचा, ४५वरचा, त्याच वेळी चिंब दाखवत होता, पण तिकडे मी बघितलं नाही. आप्पांचं सहा तासांचं पाणी माझ्या नावावर.

आता पातं उभं न खुपसता तिरकं, सरीच्या पोटाला, न हललेल्या मातीत घातलं. आधी तीच माती चाळून, शिऱ्याएवढी सैल कालवून भोकात ओतली आणि मग सेन्सर दाबला. शिवाय प्रोग्राममध्ये एक अट घातली : वरचा कोरडा आणि खालचा चिंब असेल, तर काही सांगायचं नाही, गप्प बसायचं.

५ जानेवारी २०२५, रविवार

सेन्सरचे आकडे फोनवर दाखवायला केलेलं अ‍ॅप फसलं. चार महिन्यांत आप्पांनी ते दोनदा उघडलं, दोन्ही वेळा मी समोर उभा होतो म्हणून. त्यांचा फोन बोलण्यासाठी आणि बाजारभावासाठी आहे. आलेख बघायला चष्मा लागतो, चष्मा घरात, मोटार रानात.

कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेनं काही वर्षांपूर्वी एक साधं उपकरण केलं आहे. हातात धरायचं, दोन सळया मातीत खुपसायच्या आणि रंगीत दिवा बघायचा. निळा म्हणजे ओल भरपूर, हिरवा म्हणजे पुरेशी, नारिंगी म्हणजे कमी होत चालली, तांबडा म्हणजे लगेच पाणी द्या. टक्के नाहीत, आलेख नाही. मला हे आधी सुचायला हवं होतं.

मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर चार एलईडी लावले, वर प्लास्टिकच्या बरणीचं झाकण. संध्याकाळी बांधावरून दिसतात. आप्पांनी बघितलं, काही बोलले नाहीत. रात्री जेवताना आईला म्हणाले, "तांबडा लागला तर मला सांग गं, तू भांडी घासताना दिसेल तुला."

१९ जानेवारी २०२५, रविवार

आख्खा आठवडा एकच व्हिडिओ सगळ्या गटांत फिरतोय. मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला बारामतीच्या उसाबद्दल बोलताहेत. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीनं हजारेक शेतकऱ्यांच्या रानात हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहाची चित्रं एकत्र जोडली आहेत. पाणी, खत, कीड याचा रोजचा सल्ला फोनवर येतो. नीरा ओलांडली की बारामती, म्हणून काल तिथल्या शेती प्रदर्शनाला जाऊन आलो.

खरं सांगायचं तर थोडा हिरमुसलो. मी सहा सेन्सर घेऊन जे धडपडतोय, त्याच्या कितीतरी पुढे ते आहेत. पण एक गोष्ट तिथंही जाणवली. प्लॉट बघायला आलेली माणसं स्क्रीनकडे दोन मिनिटं बघत होती आणि मग उसात शिरून कांड्या मोजत होती. जाडी मुठीत धरून बघत होती. आप्पांनीही तेच केलं.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

तीन नंबर दहा दिवस मुका. बॅटरी ठीक, सेन्सर ठीक. जुलैत अँटेना चार फुटांवर लावली तेव्हा रोपं वीतभर होती, आता ती उसाच्या पोटात गेली आहे. पानांत सगळं पाणी, आणि ८६५ मेगाहर्ट्झची लहर ते पिऊन टाकते. पंधरा फुटी बांबू रोवून वर चढवली. तासाभरात संदेश आला. पाठोपाठ कोतवाल पक्षी आला आणि अँटेनाच्या टोकावर बसला. बसू दे, किडे खातो.

१६ मार्च २०२५, रविवार

ऊन चढलंय आणि आता खरी परीक्षा आहे.

हिशोब असा. सरी पाच फुटांची, म्हणजे एकरात २,६५५ मीटर नळी. चाळीस सेंटिमीटरला एक ड्रिपर, तासाला दोन लिटरचा. एकरी ६,६०० ड्रिपर, तासाला १३ हजार लिटरच्या वर पाणी. एक मिलिमीटर पाणी एकरभर पसरायचं तर ४,०४७ लिटर लागतात. म्हणजे आमचं ठिबक तासाला सव्वातीन मिलिमीटर देतं. या दिवसांत भरलेला ऊस रोज सहा मिलिमीटरच्या आसपास पितो. रोजचं पाणी एक तास पन्नास मिनिटं.

आप्पांनी मी काढलेला कागद नीट वाचला, चष्मा लावून. मग म्हणाले, "आणि बाकीचे सहा तास मोटारीनं काय करायचं?"

हा प्रश्न थट्टेचा नाही. लाईट आठ तास मिळते, आज आहे उद्या रोहित्र जळलं तर दहा दिवस नाही. ज्यानं असे दहा दिवस काढलेत, तो असेल तेव्हा रान भरून ठेवतो. मी पुण्यात बसून 'रोज थोडं' म्हणतो, कारण मला उद्याची खात्री आहे. त्यांना नाही.

रात्रपाळीचा आठवडा होता म्हणून शुक्रवारी मी स्वतः गेलो. लाईट रात्री पावणेबाराला आली. आमच्या मोटारीला 'ऑटो' आहे, लाईट आली की आपोआप चालू होते, बंद करायला मात्र माणूसच लागतो. दोन तासांनी कुणीतरी उठून जायचं, 'अ'चा व्हॉल्व्ह बंद, 'ब'चा चालू. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, वारा नसला तरी आत काहीतरी सळसळतं. पलीकडच्या वस्तीवर गेल्या महिन्यात बिबट्यानं शेळी नेली. मी बॅटरी पायापुढे मारत निघालो, तर आप्पा मागून मोठमोठ्यानं खोकत आले. खोकला नव्हता त्यांना. आवाज करत चालायची ती पद्धत आहे.

परत आल्यावर दोन वाजता ठरवलं : ओलाव्याचं राहू दे, आधी मोटार वेळेवर बंद व्हायला पाहिजे. सकाळी ऑटोच्या तारेत एक रिले घातला. ठरलेली मिनिटं झाली की मोटार थांबते. आणि तडजोड अशी झाली : रोज एक पन्नासऐवजी एकाआड एक दिवस साडेतीन तास, आणि निळा दिवा असेल तर ऑटो बंदच. खालचा सेन्सर यावर नाराज नाही. ४५ सेंटिमीटरवर पाणी पोचतंय, साठत नाही.

२० एप्रिल २०२५, रविवार

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी. पावसाळ्यात ढगांमुळे निरुपयोगी, पण आता आभाळ साफ आहे. एनडीव्हीआयच्या, म्हणजे पिकाचा हिरवेपणा मोजणाऱ्या आकड्याच्या, नकाशात रान एकसारखं गर्द हिरवं. ऊस एवढा दाटला की तो आकडा वर जाऊन टेकतो, फरक दाखवत नाही. म्हणून रेड-एजचा, म्हणजे तांबड्या रंगाच्या कडेच्या प्रकाशपट्ट्याचा, नकाशा काढला. त्यात एक ठोकळा वीस मीटरचा, आमच्या दोन एकरांचे मिळून जेमतेम वीस ठोकळे. शाळेच्या वहीतल्या चौकटींसारखे. त्यातली पूर्वेकडची एक उभी रांग, चारही ठोकळे, फिकट.

माझे सहाही सेन्सर म्हणतात सगळं ठीक.

आप्पांना चित्र दाखवलं. "चोपण आहे तिथं. आजोबांच्या वेळेपासून." मी मान डोलावली आणि नोंद बंद करणार होतो. मग वाटलं, चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेली, पाणी न मुरणारी जमीन, कधी पट्टी धरून येते का? ती पसरते, नकाशातल्या बेटासारखी. ही कड तर सरीला समांतर होती.

आत शिरलो. पाचटानं कान आणि मान कापली गेली. बाहेरून ऊस सारखाच दिसत होता, पण आत कांड्या आखूड होत्या, बोटं लावून मोजल्या तर शेजारच्या सरीपेक्षा दोन बोटं कमी. नळी उचलली. ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर, दातावर कीट चढतं तसा. तीनातला एक जेमतेम टिपकत होता. मोजल्या, तर अशा नळ्या बरोबर १३.

लागणीच्या दिवशी टाकलेल्या जुन्या नळ्या. मीच लिहिलं होतं, 'चालतील'.

विहिरीचं पाणी जड आहे, क्षार साठतात. खताच्या टाकीतून आम्ल सोडलं, लिटमस कागद लाल होईपर्यंत, रात्रभर नळ्यांत ठेवलं आणि सकाळी शेवटची टोपणं काढून जोरात धुतलं. पांढरं, मग तपकिरी, मग शेवाळी पाणी आलं. दहा नळ्या सुटल्या, तीन बदलल्या. सेन्सर बसवताना त्या पट्ट्यात एकही टाकला नव्हता, कारण तिथं चिखल होता आणि मला बूट काढायचा कंटाळा आला होता.

२६ मे २०२५, सोमवार

मे महिन्यात असा पाऊस आप्पांनीही बघितला नाही. मोसमी पाऊस परवा केरळात आला आणि आज मुंबईत पोचला म्हणे. आपल्याकडे त्याआधीच आभाळ फाटलं. काल पलीकडे बारामती-इंदापूरला हाहाकार झाला, नीरा डावा कालवा फुटला.

पुण्यातूनच आकडे बघतोय. सहाही सेन्सर तळाला. ४५ सेंटिमीटरचा गेले तीन दिवस हललेला नाही, म्हणजे पाणी मुरत नाही, उभं आहे. आप्पांना फोन केला की खालच्या बाजूचा चर उकरा. ते म्हणाले, "पहाटेच उकरला. दिवा निळाय, पण निळ्याच्या पुढचा रंग तुझ्याकडे नव्हता ना."

नव्हता. पाचवा दिवा लावायचा, 'पाणी बाहेर काढा' असा.

२२ जून २०२५, रविवार

शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी राज्याचं धोरण मंत्रिमंडळानं मंजूर केलं, ५०० कोटी. चुलत्यांनी विचारलं, त्यातून नळ्या मिळतील का.

ड्रोननं सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारून घेतली. एकराला दहा लिटर पाणी, आठ-दहा मिनिटांचं काम. एवढ्या उंच उसात पाठीवर पंप घेऊन माणूस शिरूच शकत नाही, त्यामुळे इथे तुलनाच नाही. गावातली पोरं मोटारसायकली लावून बघायला थांबली होती.

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

'ब'चा एक कोपरा लोळला. सोलापूर-मराठवाड्याकडची दृश्यं बघता आमचं काहीच नाही, तिकडे सीनेनं गावंच्या गावं पाण्यात घातली. 'अ' उभा आहे. याचं श्रेय मी कमी पाण्याला देऊ इच्छितो, पण 'ब'ला पश्चिमेचा वारा थेट लागतो, तेही आहे.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

रसातली साखर मोजायचा हातातला ब्रिक्स मीटर आणला. उसाला सुईनं भोक पाडायचं, रसाचा थेंब काचेवर घ्यायचा, झाकण टेकवून उजेडाकडे धरायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा जिथं, तो आकडा. 'अ'मधल्या दहा उसांची सरासरी : बुडात २१.४, शेंड्याकडे १७.२. शेंडा आणि बूड यांचा आकडा जवळपास सारखा झाला की ऊस पक्व. अजून तीन आठवडे तरी पाहिजेत.

आप्पांनी शांतपणे विचारलं, "गोडी वाढली तर आपल्याला काय?"

उत्तर : थेट काही नाही. या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३,५५० रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे. पण तो उतारा सगळ्या कारखान्याचा सरासरी धरतात, माझ्या रानाचा नाही. माझा ऊस साखरेनं भरलेला असो की पाण्यानं, मला पैसे वजनाचे. मग जो शेतकरी तोडीआधी पंधरा दिवस पाणी तोडतो, त्याची साखर वाढते आणि वजन घटतं, आणि तोट्यात तोच जातो. जो तोडीच्या आदल्या दिवसापर्यंत पाणी देतो, तो काट्यावर जिंकतो. ब्रिक्स मीटर पुन्हा पेटीत ठेवला.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

टोळी मिळाली नाही. मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली दुसरीकडे आणि कोयते, म्हणजे तोडणी मजूर, गेले तिसरीकडे. कारखान्यानं यंत्र दिलं. पाच फुटी सरी कामाला आली, हे आप्पांनी स्वतः म्हटलं, नोंद करून ठेवतो.

यंत्राआधी सगळ्या नळ्या गुंडाळून काढाव्या लागतात. आठ बायका, दोन दिवस. पाचटाखाली दबलेल्या, मुळांत अडकलेल्या नळ्या ओढताना तुटतात. सहा सेन्सरपैकी पाच काढले. तीन नंबरचा खालचा हाताला लागला नाही, ४५ सेंटिमीटर खोल आहे, यंत्र तिथवर कशाला जातंय म्हणून सोडला. त्याची वायर मात्र वर होती. यंत्राच्या तोंडात वायर गेली, वायरीमागे सेन्सर उपटून आला आणि कांड्यांबरोबर वीतवीतभर तुकडे होऊन ट्रॉलीत पडला. चालकानं काच खाली करून विचारलं, "भाऊ, बॉम्ब होता का?"

जे जवळून बघितलं ते असं. यंत्र उभ्या उसाला मुळाशी कापतं, आत ओढतं, कांड्या करतं, पंख्यानं पाचट मागे उडवतं आणि बाजूनं चालणाऱ्या ट्रॉलीत ओततं. सकाळी पानावर दव असताना पाचट जड, पंख्याला उडत नाही, ट्रॉलीत जातं. अकरानंतर ऊन चढलं की ट्रॉली स्वच्छ. 'ब'चा लोळलेला कोपरा सर्वांत वाईट, तिथं माती पण आत गेली. आमच्या सरी ८० मीटरच्या, यंत्राचा निम्मा वेळ वळण्यात.

यंत्राच्या उसाला काट्यावर साडेचार टक्के वजावट. पाचट, माती म्हणून सरसकट, दवातल्या ट्रॉलीला तेवढीच आणि उन्हातल्या ट्रॉलीलाही तेवढीच. मी एका ट्रॉलीतून वीस किलोचं पोतं भरून घरी निवडलं. पाला, वाढं, माती मिळून ७०० ग्रॅम, साडेतीन टक्के. एका पोत्यानं काही सिद्ध होत नाही, पण मोजून बघितलं तर एवढं निघालं. कारखान्याच्या शेतकी विभागात सांगितलं. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, चहा दिला.

आणखी एक. अख्खा ऊस दोन दिवस पडून राहिला तर वजन जातं, पण तुकडे केलेल्या कांडीला दोन्ही टोकं उघडी, ती लवकर आंबते. शेवटच्या दोन ट्रॉल्या कारखान्याच्या आवारात रात्रभर रांगेत उभ्या होत्या. सकाळी जवळ गेलं तर ताडीसारखा वास.

२० डिसेंबर २०२५, शनिवार

वजावट जाऊन 'अ'चं वजन १३७.४ टन, एकरी ६८.७. 'ब'चं ९८.२ टन, एकरी ६५.५. वरवर पाहता सव्वातीन टनांचा फरक. पण सोळा टनांची एक ट्रॉली अर्धी इकडे अर्धी तिकडे भरली गेली. चालकाला जेवायला जायचं होतं. ती सगळी 'अ'च्या नावावर आहे. शिवाय 'ब'चा कोपरा लोळला आणि 'अ'मधल्या १३ सऱ्या नऊ महिने तहानलेल्या राहिल्या. म्हणजे वजनाबद्दल मला काही सांगता येत नाही. मित्रांना 'एकरी तीन टन वाढ' सांगायचा मोह झाला होता.

वजावटीतला ऊस ११.१ टन. ३,५५०नं धरलं तर एकोणचाळीस हजारांच्या वर. तोडणी-वाहतूक त्यातून जाते ती गेली.

पाण्याचा हिशोब पक्का आहे, कारण तो रिलेनं लिहून ठेवला आहे, आणि त्याआधीचा आप्पांच्या डायरीतून घेतला आहे. 'अ'चा व्हॉल्व्ह ३३८ तास उघडा होता, 'ब'चा ५२१ तास. ११०९ मिलिमीटर आणि १७०९ मिलिमीटर. मोकाट पाण्यावरच्या आडसालीला शिफारशींच्या पुस्तिकांत ३,५०० मिलिमीटरच्या आसपास लिहिलेलं असतं. दोन प्लॉटमधला फरक ६०० मिलिमीटर, एकरी चोवीस लाख लिटर.

याचे पैसे किती, असं चुलत्यांनी विचारलं. शून्य. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना गेल्या वर्षीपासून वीज मोफत आहे. कालव्याची पट्टी रानाच्या क्षेत्रावर, लिटरवर नाही. एकरी चोवीस लाख लिटर वाचवून माझ्या खात्यात एक रुपया आलेला नाही, आणि सेन्सर, पॅनेलं, तुटलेल्या नळ्या, पुण्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल हा खर्च मात्र माझ्या वहीत आहे.

आप्पा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "रात्रीचं उठणं कमी झालं. तेवढं लिही."

त्यांच्या डायरीतून मोजलं. रिले बसवायच्या आधी जानेवारी ते मार्चमध्ये ते २६ रात्री उठून रानात गेले होते. रिलेनंतर तोडीपर्यंत ९.

१८ जानेवारी २०२६, रविवार

आता खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक. पाचट जाळलं नाही. यंत्रानं तसंही बारीक करून पसरलं आहे. पाचटाच्या टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, एवढं टाकून पाणी दिलं. बुडखे जमिनीलगत छाटले. यंत्राच्या चाकानं जिथं सरी दाबली, तिथं फुटवा मागे आहे. तिथं रोपं लावून नांग्या भरायच्या.

सेन्सर पुन्हा बसवतोय, या वेळी आठ. एक पूर्वेच्या पट्ट्यात, बूट काढून. वायर पाइपातून, आणि पाइपाच्या तोंडाला तांबडी फीत, तोडीच्या वेळी दिसेल अशी. पाचटाच्या थराखाली २० सेंटिमीटरचा आकडा आधीपेक्षा दोन दिवस उशिरा खाली येतोय, म्हणजे अंतर पुन्हा जुळवावं लागेल. ओव्हन लागेल. आईला विचारायचं आहे.

'ब' बंद. आप्पा म्हणाले, दोन्हीकडे दिवाच लाव, आता कशाला वेगळं ठेवायचं. एक अट घातली आहे : पत्र्यावरचा दिवा ओसरीत पडल्या पडल्या दिसला पाहिजे, मधे आंब्याची फांदी येते. फांदी तोडायची नाही. म्हणजे खांब चार फूट वाढवायचा आणि वायरही. आज तेवढी वायर निघाली नाही. पुढच्या शनिवारी येताना पंधरा मीटर आणायची.